बसमधले सगळे

बातमी विभागात सगळे त्यांना मास्तर म्हणत. शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवलं नव्हतं. पण रेडिओसाठी बातमी कशी लिहायची हे त्या खोलीत आलेल्या प्रत्येकाला बावीस वर्षं त्यांनीच शिकवलं होतं, तेही हातात पेन्सिल घेऊन, समोरच्याच्या कागदावर रेघा ओढत. लोकांच्या खिशात फोन यायच्या आधीचे ते दिवस. बातमी यायची ती टेबलावरच्या काळ्या फोनवरून, आणि घरोघर जायची ती रेडिओवरून.

त्या वर्षी विभागात एक नवा माणूस आला. नवा म्हणजे पोरगेला नव्हे. चाळिशीला टेकलेला, बारा वर्षं वर्तमानपत्रात झिजून आलेला. पहिल्याच दिवशी त्याचं नाव पेपरवाला पडलं, आणि त्याला कारण त्याची वाक्यं. त्याने लिहिलेली पहिली बातमी मास्तरांनी मोठ्याने वाचायला घेतली, एका दमात. वाक्य काही संपेना. मास्तरांचा चेहरा लाल झाला, मानेवरची शीर फुगली, आणि 'असे सूत्रांनी सांगितले' इथवर पोचेपर्यंत त्यांना टेबलाचा आधार घ्यावा लागला. खोलीत खसखस पिकली. पेपरवालाही हसला. माणूस दिलदार होता.

"अहो, एवढं वाचायचं तर निवेदिकेला प्राणवायूची नळी लावावी लागेल," मास्तर म्हणाले. "पेपर वाचणाऱ्याला कळलं नाही तर तो ओळ परत वाचतो. ऐकणारा कुठे मागे जाणार? कुणी भांडी घासतंय, कुणी दाढी करतंय, कुणाचं पोर रडतंय. वाक्य कानावरून एकदाच जातं. म्हणून एका वाक्यात एकच गोष्ट. कोण म्हणालं ते आधी, काय म्हणालं ते मागून. आणि आकडे शक्यतो नकोत. आकडा कानाला खड्यासारखा टोचतो."

पेपरवाल्याने हे सगळं वहीत उतरवून घेतलं. तीन आठवड्यांत त्याची वाक्यं निम्म्यावर आली.

महिन्याची नऊ तारीख होती. दुपारी एकच्या बातम्या म्हणजे मोजून पाच मिनिटांचं काम. बारा पस्तीसला घाटाखालच्या पेट्रोल पंपावरून वार्ताहराचा फोन आला. फोन पेपरवाल्याने घेतला, खांद्याशी धरून लिहून काढला, आणि कागद मास्तरांपुढे ठेवला.

"घाटातील तिसऱ्या वळणावर आज सकाळी बस उलटली. बसमधील एकतीस प्रवासी सुखरूप आहेत. चालकाला दुखापत झाली असून त्याला रुग्णालयात नेण्यात आले आहे."

"शाब्बास," मास्तर म्हणाले. त्यांना मनापासून बरं वाटलं होतं. पण घड्याळ लावून सगळे कागद वाचले तेव्हा बातम्या अकरा सेकंद जास्त भरत होत्या. शेवटी पुष्पप्रदर्शनाची बातमी होती. ती मास्तरांनी स्वतः लिहिली होती; काळसर जांभळ्या गुलाबाला पहिलं बक्षीस मिळालं, तो पाहायला शाळेतल्या मुलांनी रांग लावली, वगैरे. चार वाक्यांची, कातीव बातमी. ऐकणाऱ्याला हसरं सोडून जावं, असं त्यांना नेहमी वाटे. तिला त्यांनी हात लावला नाही. त्यांनी पेपरवाल्याचा कागद ओढला.

"हे बघा. 'एकतीस प्रवासी' कशाला? 'बसमधले सगळे सुखरूप आहेत.' ऐकणाऱ्याचा जीव भांड्यात पडला. तिथेच सोडा त्याला." पेन्सिलीची एक रेघ आकड्यावर गेली आणि दुसरी, लांब, शेवटच्या वाक्यावर.

"मास्तर, चालकाचं राहील ना?"

"किती लागलंय म्हणाला?"

"ते त्याला माहीत नव्हतं. नेलंय, एवढंच म्हणाला."

"मग कळल्यावर पाचच्या बातम्यांत घेऊ."

पेपरवाला कागदाकडे बघत राहिला. त्याच्या ओठांवर काहीतरी आलं होतं, पण निवेदिका दारात उभी होती, हात पुढे करून. तिने कागद घेतले आणि ती स्टुडिओत गेली. दारावरचा लाल दिवा लागला. पेपरवाल्याच्या कागदावरची अडीच ओळींची बातमी मास्तरांनी सव्वा ओळीत बसवली होती, आणि ती कानाला फार गोड लागली.

साडेचारला पुन्हा फोन आला. तीन चाळीसला चालक गेला होता.

पाचची बातमी मास्तरांनी स्वतः लिहिली. 'सकाळच्या बस अपघातात जखमी झालेल्या चालकाचं आज दुपारी निधन झालं.' लिहिताना त्यांना एकची बातमी आठवली. ज्याने एकच्या बातम्या ऐकल्या असतील तो म्हणेल, अहो, तेव्हा तर सगळे सुखरूप होते. दुरुस्तीचं एक वाक्य त्यांनी मनात जुळवलंसुद्धा. मग त्यांना वाटलं, इतकं बारीक कोण ऐकतंय. आणि त्यांनी कागद पुढे दिला.

महिनाभराने पत्र आलं. श्रोत्यांची पत्रं रोज येत. कुणाला निवेदिकेचा एखादा उच्चार खटकलेला असे, कुणाला हवामान चुकलेलं. या पाकिटावर लिहिलं होतं, 'बातम्या लिहिणाऱ्यास'. अक्षर कष्टाने काढलेलं.

'मी त्या बसच्या चालकाचा धाकटा भाऊ. तक्रार करायची नाही. आमच्या वहिनीला एवढंच हवं आहे, की नऊ तारखेला एकच्या सुमाराला दादाला सुखरूप कुणी पाहिलं, त्या माणसाचा पत्ता मिळावा. तो तेव्हा कसा होता, बसला होता की उभा होता, काही बोलला का, हे तिला विचारायचं आहे. आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा फार उशीर झाला होता. रेडिओवर सांगितलं म्हणजे कुणीतरी पाहिलं असणारच, असं ती म्हणते.'

मास्तरांनी पत्र दोनदा वाचलं. मग चष्मा पुसला आणि तिसऱ्यांदा वाचलं. कुणी पाहिलं होतं? कुणीच नाही. तो सुखरूप माणूस त्यांनी स्वतः, पेन्सिलीने, टेबलावर बसून तयार केला होता.

पत्र केंद्राच्या साहेबांकडे जायला हवं होतं, ते गेलं. साहेब माणूस वाईट नव्हते. फक्त कुठलाही कागद अंगावर येऊ नये याची काळजी घेणारे होते. त्यांनी मास्तरांना आणि पेपरवाल्याला खोलीत बोलावलं.

"चालकाचं तुम्ही गाळलंत ते का, मास्तर?" साहेबांनी विचारलं आणि उत्तरही स्वतःच पुढे केलं. "घरच्यांना आधी कळावं, रेडिओवरून कळू नये, म्हणूनच ना? आपला नियमच आहे तो."

दार उघडून दिल्यासारखं होतं ते. फक्त आत पाऊल टाकायचं.

"हो," मास्तर म्हणाले.

"झालं तर. 'उपलब्ध माहितीच्या आधारे बातमी देण्यात आली', असं दोन ओळींचं उत्तर पाठवून देऊ."

पेपरवाला पूर्ण वेळ जमिनीकडे बघत होता. संध्याकाळी सगळे उठल्यावर तो मास्तरांच्या टेबलापाशी आला आणि एक कागद उलटा करून ठेवला. "तीन महिन्यांपर्यंत सगळे कागद फाइलमध्ये असतात," तो हळूच म्हणाला. "हा तुम्हाला हवा असेल तर." आणि निघून गेला.

कागद सुलटा करायची गरज नव्हती. नऊ तारखेचा, दोन रेघांचा. तो त्यांना वाचवत होता. फाडून टाका, मी काही पाहिलं नाही, असंच सांगत होता. ज्याला त्यांनी बातमी लिहायला शिकवली, तो आता त्यांच्याकडून खोटं कसं निस्तरायचं तेही शिकला होता.

घरी त्यांच्या पुढ्यातलं ताट तसंच राहिलं.

"कुणाशी वाजलं का?" बायकोने विचारलं.

"नाही."

"मग अन्नाशी कशाला भांडताय?"

त्यांनी तिला सांगितलं नाही. तिला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, तुम्ही काय मुद्दाम केलंत का. आणि तेच वाक्य त्यांना ऐकायचं नव्हतं, कारण ते ऐकायची त्यांना फार इच्छा होती.

सुट्टीच्या दिवशी ते कागद खिशात घालून निघाले. बस डेपोच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. जिना अरुंद, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने मागे जावं असा. दार उघडंच होतं. आत लांब टेबलावर पांढऱ्या चादरींचा ढीग, आणि एक चाळिशीची बाई इस्त्री करत होती. आसपासच्या लॉजचे कपडे ती घरी आणून करून देत असे. कोपऱ्यात खाटेवर एक म्हातारी भिंतीकडे तोंड करून बसली होती. फळीवर रेडिओ होता, बंद.

"मी रेडिओतून आलोय," मास्तर म्हणाले. "बातम्या लिहितो. तुमच्या दिरांचं पत्र मिळालं."

बाईने इस्त्री उभी केली. बटण बंद केलं. घाईने स्टूल पुढे सरकवलं.

"तुम्ही पाहिलंत त्यांना?"

वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं मास्तरांच्या डोक्यातून पार निघून गेली.

"नाही," ते म्हणाले. "कुणीच पाहिलं नव्हतं. त्यांना लागलंय आणि दवाखान्यात नेलंय, हे आम्हाला बारा पस्तीसलाच कळलं होतं. मी ते वाक्य काढून टाकलं. आणि 'प्रवासी सुखरूप' होतं, त्याचं 'सगळे सुखरूप' केलं. मी केलं."

एक चादर उचलून तिने घडी घातली, मग ती घडी मोडली आणि परत घातली.

"डेपोतला माणूस एकला दोन मिनिटं कमी असताना येऊन सांगून गेला होता, बस उलटली म्हणून," ती शेवटी म्हणाली. "मी तशीच निघाले. अर्धा जिना उतरले होते. सासूबाईंना कमी ऐकू येतं, म्हणून आमचा रेडिओ मोठा असायचा. त्यांनी वरून हाक मारली, थांब गं, बसचं सांगतायत. मी परत वर आले. ती रेडिओवरची बाई म्हणाली, सगळे सुखरूप आहेत. सासूबाई म्हणाल्या, रेडिओ कशाला खोटं सांगेल, बस जरा, पाणी पी. मी पाणी प्यायले. मग या लॉजच्या चादरी राहिल्या होत्या त्या केल्या." तिने टेबलावरून हात फिरवला. "दवाखाना इथून वीस मिनिटांवर आहे. तिथल्या नर्सबाई म्हणाल्या, तीन वाजेपर्यंत शुद्धीवर होते. दाराकडे बघत होते."

मास्तरांना स्टुलावर बसवेना आणि उठवेना.

"त्या दिवसापासून मी सासूबाईंशी बोललेले नाही," ती म्हणाली. "ताट वाढते, औषध देते. बोलत नाही. मी निघाले होते, त्यांनी मला थांबवलं."

खाटेवरची म्हातारी आता वळून दोघांच्या तोंडाकडे बघत होती. तिला एक अक्षर ऐकू गेलं नव्हतं, पण बोलणं आपलंच चाललंय हे कळलं होतं.

"त्यांना सांगा," बाई म्हणाली.

"अं?"

"मला सांगितलंत ते त्यांना सांगा. मोठ्याने. मी सांगितलं तर खरं वाटायचं नाही."

मास्तर खाटेपाशी गेले, वाकले आणि बोलू लागले. म्हातारीने कानामागे हात धरला आणि मान हलवली. त्यांनी आवाज चढवला. तरी नाही. बावीस वर्षं हा माणूस दुसऱ्याच्या आवाजासाठी लिहीत आला होता; स्वतःचा आवाज त्याने कधी या पट्टीत लावला नव्हता. खिडक्या उघड्या होत्या, दार उघडं होतं. शेवटी ते अक्षरशः ओरडले, "आजी, तुमची चूक नाही. रेडिओ खोटं बोलला. ती बातमी मी लिहिली होती. मला खरं माहीत होतं."

खाली जिन्यात कुणाच्या तरी बादलीचा आवाज थांबला. समोरच्या खिडकीत दोन डोकी आली. म्हातारी मास्तरांकडे बघत राहिली. तिचे डोळे भरले नाहीत, तिने शापही दिला नाही. तिने एवढंच विचारलं, "माहीत होतं?"

"हो."

"मग असं का केलंत?"

"वेळ कमी पडत होता म्हणून."

"किती?" हे सुनेने विचारलं, मागून.

"अकरा सेकंद."

"मग दुसरं काय सांगितलंत तेव्हा? आमचं काढून?"

खोटं बोलायला अजूनही जागा होती. एखादा मोठा निर्णय, एखाद्या देशातला भूकंप. "फुलांचं प्रदर्शन," मास्तर म्हणाले. "तेही मीच लिहिलं होतं. म्हणून काढवलं नाही."

मास्तरांनी खिशातला कागद काढून टेबलावर ठेवला. तिने तो उचलला, खोडलेल्या ओळीवरून बोट फिरवत वाचला, आणि परत त्यांच्याकडे दिला.

"हे मला काय करायचंय," ती म्हणाली. "तुम्ही इथे ओरडलात, ते या जिन्यापुरतं. त्या दिवशीची बातमी सगळ्यांनी ऐकली. माझ्या माहेरचे म्हणतात, हिला डेपोतून कळलं होतं, तरी रेडिओच्या एका वाक्यावर ही इस्त्री करत बसली. माझा भाऊ येत नाही माझ्याकडे. रेडिओवर सांगा. त्याच वेळेला."

"सांगतो," मास्तर म्हणाले. तिने चहाचं विचारलं नाही, आणि त्यांना त्याचं बरंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांपुढे दोन कागद ठेवले. एक जुना, रेघांचा. एक नवा. नव्या कागदावर सात वाक्यं होती आणि ती लिहायला त्यांना पूर्ण सकाळ लागली होती.

'एक दुरुस्ती. गेल्या महिन्याच्या नऊ तारखेला, दुपारी एकच्या बातम्यांत आम्ही सांगितलं, की घाटात उलटलेल्या बसमधले सगळे सुखरूप आहेत. ते खरं नव्हतं. बसचे चालक जखमी होते आणि रुग्णालयात होते. हे आम्हाला माहीत होतं. तरी आम्ही ते सांगितलं नाही. चालकाच्या घरच्यांनी आमच्या बातमीवर विश्वास ठेवला.'

"तुम्ही तर म्हणाला होतात, घरच्यांना आधी कळावं म्हणून—"

"ते तुम्ही म्हणाला होतात. मी हो म्हणालो. ते खोटं होतं."

साहेबांनी कपाळ चोळलं. महिन्यापूर्वीची बातमी, लोक विसरले, वरून विचारणा होईल, सगळं सांगून झालं. मास्तर उठले नाहीत. मग साहेबांनी स्वतःचं पेन काढलं. "निदान हे तरी बदलू. 'अनवधानामुळे ही माहिती देण्यात आली नाही.'"

"'देण्यात आली नाही' म्हटलं की न देणारा पळून जातो, साहेब. मला पळायचं नाहीये."

"पण नाव केंद्राचं जातंय, मास्तर. तुमचं एकट्याचं नाही."

"मग माझं घाला."

नाव घालता येत नव्हतं. वाद अर्धा तास चालला. पेपरवाला दारात येऊन उभा राहिला होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. "साहेब, फोन मी घेतला होता," तो म्हणाला. "'सगळे' हा शब्द वाचला तेव्हा मला खटकला होता. मी बोललो नाही. विचारणा झाली तर माझंही सांगा." साहेबांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, पेन बंद केलं आणि कागदावर सही केली. मास्तरांकडून त्यांनी लेखी कबुली मात्र घेतली. ते त्यांचं कामच होतं.

निवेदिकेने ती सात वाक्यं एकच्या बातम्यांत, अगदी सुरुवातीला वाचली. न अडखळता, न आवाज कापरा करता. मास्तर स्टुडिओच्या काचेबाहेर उभे होते. त्यांना वाटलं होतं, ऐकल्यावर छाती हलकी होईल. तसं काही झालं नाही.

वरून विचारणा झाली. मास्तरांच्या नावे मेमो निघाला, आणि नव्या लोकांना शिकवण्याचं त्यांचं काम काढून त्यांना श्रोत्यांच्या पत्रांच्या टेबलावर बसवलं गेलं. पेपरवाल्याला तोंडी समज मिळाली. मधल्या सुट्टीत तो रोज येऊन मास्तरांशेजारी बसे. दोघं त्या विषयावर बोलत नसत.

पाच-सहा आठवड्यांनी फाटकावरून निरोप आला, कुणीतरी भेटायला आलंय. चालकाचा धाकटा भाऊ होता. अंगाने आडवा, हातात टोपी. आत यायला तयार नव्हता.

"सांगून जावं म्हटलं," तो म्हणाला. "वहिनीचा भाऊ येऊन गेला. दोन दिवस राहिला. गल्लीतल्या लोकांचीही तोंडं बंद झालीत. आई आणि वहिनी बोलतात आता. फार नाही, पण बोलतात. दुरुस्ती लागली त्या दिवशी आईने ती वहिनीकडून तीनदा सांगून घेतली."

"आणि वहिनी?" मास्तरांनी विचारलं. विचारू नये हे कळत असूनही विचारलं.

तो जरा घुटमळला. "ती म्हणाली, यांना पाच वाजताच माहीत होतं की आपलं चुकलं. पाच वाजता का नाही सांगितलं?"

मास्तरांनी फाटकाचा गज धरला. त्या पाच वाजताचं त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. साहेबांना नाही, पेपरवाल्याला नाही, त्या खोलीत ओरडतानाही नाही. तिचं तिने ओळखलं होतं.

"बरोबर आहे त्यांचं," ते म्हणाले. "मला पाच वाजता कळलं होतं. कुणाच्या लक्षात यायचं नाही, असं मला वाटलं. त्यांना सांगा."

"सांगतो," भाऊ म्हणाला. त्याने टोपी घातली, नमस्कार केला न केला, आणि डेपोच्या दिशेने चालू लागला. तोही तिथेच कामाला होता आणि त्याच्या पाळीची वेळ झाली होती. तो वळणाआड जाईपर्यंत मास्तर फाटकापाशी उभे राहिले. मग जिना चढून टेबलाशी आले. वरचंच पाकीट एका निवृत्त पोस्टमनचं होतं. हवामानाचा अंदाज फार भरभर वाचतात, लिहून घेता येत नाही, अशी त्याची तक्रार होती. मास्तरांनी कोरा कागद पुढे ओढला आणि उत्तर लिहायला घेतलं.